मुरमावरची खूण

५ जाने.
सकाळी क्लबचे सेक्रेटरी भाऊसाहेब आले. अर्धा चहा पिऊन झाल्यावर मुद्द्यावर. यंदापासून क्लब दर वर्षी एका जुन्या महिला टेनिसपटूचा सन्मान करणार, खिलाडूवृत्ती आणि खेळाच्या सेवेसाठी. पहिलंच वर्ष. मी विचारलं, कुणाचा?
"ताई, तुमनं नाव पक्कं शे. नाही म्हनानं नाही."
लाजले वगैरे. नाही म्हटलं नाही. ते गेल्यावर आरशात पाहिलं, मेलीचा चेहरा फुललेला होता.

७ जाने.
मानपत्राचा मसुदा मोबाइलवर आला. 'ज्यांनी कोर्टवर कधीही चुकीचा कॉल दिला नाही.' फोन पालथा ठेवला. भाजी करपली.

एकोणचाळीस वर्षांत हे कुठे लिहिलं नाही. आज लिहिते. क्लबचं कोर्ट, तेव्हा मुरमाचं. जिल्हा निवड चाचणीची फायनल. आपला जिल्हा तेव्हा धुळे. मी आणि जमना पावरा. जमनाचे वडील क्लबवर कामाला, कोर्टला पाणी मारायचे, चुन्याच्या रेघा आखायचे. धडगावकडचे. ती बॉल वेचता वेचता शिकली आणि माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली. पंच नव्हतेच. आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा, हीच रीत.
मॅच पॉइंट तिचा. तिचा फटका माझ्या मागच्या रेघेवर पडला. चुना उडाला, मी पाहिला. तोंडातून निघालं, "आऊट." आणि बॉल उचलायला जाता जाता बुटाने खूण पुसली.
जमना जाळीपर्यंत आली. त्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत गेली. पुढचे पॉइंट तिच्या हातून सुटत गेले. शेवटी हात मिळवला. रेघ तिच्या बापाने सकाळीच आखली होती.
निवड माझी झाली. त्याच प्रमाणपत्रावर शाळेत क्रीडाशिक्षिका लागले. जमना त्याच वर्षी धडगावला परत गेली.

८ जाने.
क्लबवर गेले. कोर्ट आता सिमेंटचं. बॉल पडला तरी काही उमटत नाही.
भाऊसाहेबांना म्हटलं, माझ्याऐवजी जमनाला द्या. धडगावच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण आहे, मुलींना टेनिस शिकवते. दर वर्षी तिच्या दोन-तीन मुली जिल्ह्याला खेळतात, सेवा म्हणतात ती हीच. त्यांना पटलं. पण, "ट्रॉफीवर तुमनं नाव कोरी टाकं. आते कसं बदलता ई?" जमनाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.
का द्या, ते मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कोरलेलं नावही बदललं असतं. पुन्हा गप्प राहिले. या वेळी तर समोर कुणी खेळतही नव्हतं.

११ जाने., रविवार
धडगावला जाऊन आले. जीपमध्ये चौदा जण, घाटात एका बाईची कोंबडी माझ्या मांडीवर. एवढ्या वर्षांत इतकं जवळ असून एकदाही गेले नव्हते. कामं होती, असं म्हणायचे.
जमना चुलीपुढे होती. केस माझ्यापेक्षा पांढरे. मिठी वगैरे नाही. "बैस," म्हणाली आणि डाळीला फोडणी दिली. स्वयंपाकघरामागे कोर्ट. मुरूम चोपलेला, व्हॉलीबॉलची जाळी खाली ओढून बांधलेली, रेघा चुलीतल्या राखेच्या. रोज पहाटे स्वतः आखते म्हणाली.
दोन मुली खेळत होत्या. एकीचा बॉल रेघेजवळ पडला. पलीकडची तिथेच थांबली, तिने हात करून बोलावलं. पहिली जाळीला वळसा घालून आली, दोघी खाली बसल्या, खूण बघितली. "आत," पलीकडचीच म्हणाली. मग आपापल्या जागी. खूण तशीच.
मी विचारलं, हे कसलं? जमना म्हणाली, तिच्याकडे नियमच आहे. शंका आली की समोरचीला बोलवायचं, दोघींनी बघायचं, आणि डाव संपेपर्यंत खुणेवर पाय द्यायचा नाही. मी म्हटलं, असा नियम मी कुठे पाहिला नाही.
"हाऊ नियम तुन्हाच शे."
तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने ताट वाढलं. जेवताना सांगितलं, हरल्याचं तिला वर्षभर वाईट वाटलं, नंतर नाही. वडिलांचं मात्र गेलं नाही. आपलीच रेघ वाकडी पडली असणार म्हणून पोरीचा बॉल बाहेर गेला, असं ते मरेपर्यंत म्हणायचे. हे मला माहीत नव्हतं.
सन्मानाचं सांगितलं. घे म्हणाली, मुलींना घेऊन कार्यक्रमाला येते. "मी पोरीसले लई येसू. तू काय सांगस ते त्या ऐकतीन."

१२ जाने.
अंग दुखतंय. ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, आता कोण विचारतंय, कशाला उकरतेस? खरंच, कुणीच विचारत नाही. जमनाचे वडील आपल्याच हाताला दोष देत गेले, मी इथे मुलींना शिट्टी वाजवून 'प्रामाणिकपणे खेळा' म्हणत होते.
लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही.

१६ जाने.
मानपत्रातली ती ओळ काढा म्हणून भाऊसाहेबांना फोन केला. म्हणाले, छापून आलं ताई, फ्रेमही झाली. तुमचा विनय माहीत आहे आम्हाला.

१८ जाने., रविवार, सकाळ
कार्यक्रम अकराला. जमनाचा फोन आला, सहालाच निघाल्यात, जीपभर मुली. ताई एका मॅचची गोष्ट सांगणार आहेत, एवढंच तिने त्यांना सांगितलंय. कोण जिंकलं म्हणून वाटभर विचारतायत. तिने सांगितलं, ताईंनाच विचारा.
भाषणाचे दोन कागद लिहिलेत. एक आभाराचा, एक त्या पुसलेल्या खुणेचा. एक फाडून टाकायला हवा होता. दोन्ही पर्समध्ये आहेत.
न्यायला गाडी आलीय.