किल्लीच्या ठशाचा पाव आणि तय्यबची आठ वर्षं

दिनांक: १२ मार्च १९८७

प्रति,
मा. अध्यक्ष न्यायाधीश,
फौजदारी अपील कक्ष,
अपील न्यायालय.

विषय: अर्धवट खाल्लेल्या एका पावाच्या आधारे माझा मुलगा तय्यब यास जबरी चोरीत दोषी ठरवल्याबाबत, पुरावा अपुरा असल्याने शिक्षा रद्द होणेबाबत.

संदर्भ: खालच्या न्यायालयाचा दि. ३ फेब्रुवारीचा निकाल. अपिलाची सुनावणी दि. २४ मार्च.

महोदय,

मी, खाली अंगठा उमटवणारी यामना बिन्त अय्याशी, वय ५८, विधवा, राहणार दर्ब सफ्साफा, जुनं शहर, आदरपूर्वक कळवते की, सदर अर्ज न्यायालयाच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या अर्जनविसाकडून लिहून घेतला आहे. "लाल्ला, पावाचं नको लिहायला, साहेब हसतील," असं तो अदबीने, पण दोनदा म्हणाला. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणून कागद दोन मास्तरांकडून वाचून घेतला. ते एकमेकांना ओळखत नाहीत, याची खात्री केली आहे.

१. दि. १४ नोव्हेंबर, शुक्रवारी दुपारी, सोनार हाज लमफद्दल यांच्या दुकानात एक इसम सुरा घेऊन शिरला व बांगड्या घेऊन पळाला. अंगरख्याची टोपी तोंडावर ओढलेली असल्याने हाजींना चेहरा दिसला नाही. पोलिसांनी माझ्या घरातल्या गाद्या उसवल्या, पिठाचा रांजण पालथा केला. सोनं नाही, सुरा नाही. फक्त हाजींच्या दुकानात, चोराकडून पडलेला, फडक्यात गुंडाळलेला अर्धा पाव मिळाला, त्यावर किल्लीच्या मुठीचा ठसा आणि कडेला तीन टोचे. ही माझ्या घरची खूण. एवढ्यावर माझ्या मुलाला आठ वर्षं.

२. आमच्या दर्बात, म्हणजे गल्लीत, घरोघरी पीठ मळतात आणि खूण करून पाव फळीवर मांडून अल्लालच्या भट्टीवर पाठवतात. भाजणावळ म्हणून अल्लाल प्रत्येक फळीवरचा एक पाव ठेवून घेतो. असे पाव तो दारातच विकतो. हमाल घेतात, विद्यार्थी घेतात, ज्याला चूल नाही तो प्रत्येक जण घेतो. खालच्या न्यायालयाचे साहेब राजधानीचे. ते दुकानातला पाव खात असावेत. मी हे सांगू लागले तर "बाई, मुद्द्याचं बोला," म्हणाले. मुद्दा तोच होता.

३. अल्लालने मात्र शपथेवर सांगितलं, "मी कुणाला विकत नाही, घरीच खातो." त्याच्या घरी तो आणि त्याची आई. भट्टीवर रोज साठ फळ्या येतात. म्हणजे दोघं मिळून रोज साठ पाव खातात आणि त्यातही म्हातारीच्या तोंडात दात नाही. त्याच्याकडे विक्रीचा परवाना नाही, म्हणून तो खोटं बोलला, हे दर्बातली मांजरंसुद्धा जाणतात. पण माझा संशय तेवढ्यावर थांबत नाही. तपास करणारे जमादार रोज त्याच्याच दारात चहा पितात. आणि शुक्रवारी नमाजाच्या वेळी सगळा बाजार बंद असताना हाजींचंच दुकान उघडं कसं? सरकारने दिलेले वकील तय्यबला भेटले ते एक पेला चहा थंड होईपर्यंत. तेही कुणाचे, देव जाणे.

४. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे कुसकुस शिजतं. त्या दिवशी मी पाव करत नाही. फडक्यातला पाव गुरुवारचा शिळा होता. घरी आईने कुसकुस वाफेला ठेवलेलं असताना शिळा पाव फडक्यात बांधून कोण हिंडेल? ज्याला वाढणारं कुणी नाही तो. पोलिसांनी अशा माणसाचा शोध घेतला नाही.

५. निकालाच्या दिवशी न्यायालयाचे शिपाई सी बूश्ता यांनी जिन्याखाली डबा उघडला. मसूर, आणि माझा पाव! मी जाब विचारला. ते म्हणाले, "रोज भट्टीच्या दारातनं घेतो की! तुमचा होय हा? मीठ जरा जास्त पडतं बघा, लाल्ला." उरलेला अर्धा पाव मी मागून घेतला. सदर न्यायाने सी बूश्ता यांनाही तय्यबशेजारी कोठडीत बसवायला हवं होतं. तसं करू नये, माणूस भला आहे. मीठ मी कमी केलं आहे.

६. आता माझ्या चुकीबद्दल. जमादार पाव घेऊन दारात आले तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. "हा कुणाच्या हातचा?" जमादारांनी विचारलं. आमच्यात जी बाई आपला पाव नाकारते तिला घर उरत नाही. शिवाय पाव फुगला होता छान. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "माझाच. असा पाव दुसऱ्या कुणी करून दाखवावा!" त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझा अंगठा घेतला. साहेब, माझ्या मुलाला त्या सोनाराने अडकवलं नाही, अल्लालनेही नाही. मीच अडकवलं.

७. त्याच जबाबात मी पुढे सांगितलं होतं की, तय्यब तापाने फणफणत घरी पडून होता आणि बाजारातून ओरडा ऐकू आला तेव्हा मी त्याच्या कपाळावर व्हिनेगरची पट्टी ठेवत होते. त्यावर निकालात लिहिलं आहे: "आई मुलासाठी खोटं बोलणारच." कागद एक, तोंड एक, अंगठाही एकच. मग पावाचं वाक्य खरं आणि पट्टीचं खोटं, हे कोणी आणि कशावरून ठरवलं?

सबब विनंती की, न्यायालयाने माझ्याबद्दल एकच काय ते ठरवावं. मी खोटारडी असेन, तर तो पाव माझा आहे याला पुरावाच उरत नाही. मी खरी असेन, तर माझा मुलगा अंथरुणात होता. मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा, पण दोन्हीकडून त्याला घरी पाठवावं लागतं.

आपल्यावर अजून संशय न घेतलेली,

(डाव्या हाताचा अंगठा)
यामना बिन्त अय्याशी

सोबत:
१. निकालाची नक्कल.
२. सी बूश्ता यांचा अर्धा पाव. वाळला आहे, ठसा स्पष्ट आहे. कृपया पोच द्यावी.