पिनेचे काडतूस

कलकत्ता, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८०७

तीर्थरूप अण्णांचे चरणी मोरेश्वराचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. कल्याणास थंडी पडली असेल. आईचा दमा कसा आहे?

आमचे साहेब जुन्या काडतुसांचा इतिहास लिहीत आहेत, हे आपण जाणताच. पूर्वी दारू आणि गोळी कागदात गुंडाळीत. मग फ्रान्सात पितळी बुडाचे काडतूस निघाले. त्याच्या कुशीतून एक पिन डोकावते. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की बार उडतो. पुढच्या काडतुसांतून ही पिन गेली. का गेली, ते साहेब जुन्या पुस्तकांत शोधीत होते.

मंगळवारी तसले काडतूस पुसताना त्याची पिन टेबलाच्या कडेवर आपटली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे डॉक्टरांना काढावी लागली. जखम सुकत आहे.

साहेब उशाशी बसून म्हणाले, "पुस्तकात तुझे नाव घालीन."

मी म्हणालो, "नाव राहू द्या, पिन का गेली तेवढे लिहा."

हे डाव्या हाताने लिहिले आहे, म्हणून अक्षर वाकडे. पौषात येतो. आईला आधी सांगून ठेवा. पानावर बसल्यावर ती मला भरवू लागली, तर तिला अडवू नका.

आपला धाकटा,
मोरेश्वर