राजा नसलेल्या टेकडीला मुदत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, प्राचीन वास्तू विभाग,
मिझुहारा नगर कार्यालय.

विषय: आमच्या वसाहतीतली टेकडी राजाची नसली तरी पाडू नये, याबद्दल.
संदर्भ: सोमवारी ती सपाट करून सायकल स्टँड करणार, ही आपली नोटीस.

महोदय,

मी कुझुमी तोरामात्सु, वय एकाहत्तर. शाळेत फार टिकलो नाही, खोदाईचं मशीन चालवलं. म्हणून सरळच लिहितो. चूक माझी आहे.

पंचेचाळीस वर्षांमागं या इमारतींचा पाया मीच खणला. जागेवर जुन्या राजाचं थडगं होतं, मातीची टेकडी. तिला हात लावायचा नाही, पाटी तेवढी लावायची, असा हुकूम. ढीग दोन होते. एक दीड हजार वर्षांचा, एक मी मंगळवारी टाकलेला. माझा जास्त रुबाबदार दिसला. जेवणाची सुट्टी होत आलेली. ठोकली पाटी.

तेव्हापासून वसाहत पाळीपाळीनं तिचं गवत कापते, नववर्षाला साकेचा, तांदळाच्या दारूचा, पेला ठेवते. माझी बायको नुई रोज सकाळी तिथं वाकते. गुडघे बदलून आणले, तरी वाकते.

गेल्या महिन्यात तुमची मोजणीवाली आसागिरी आली. म्हणाली, "आजोबा, हा नुसता ढीग आहे."

म्हटलं, "मग राजा कुठाय?"

"तुमच्या मुळ्याच्या वाफ्याखाली."

नुई हसून हसून खालीच बसली. "म्हाताऱ्या, इतकी वर्षं राजाच्या डोक्यावर कोंबडीखत घातलंस, आणि मला तुझ्या ढिगापुढं वाकवलंस?"

राजेसाहेबांची तक्रार कधी आली नाही, हे नोंदवावं. मुळे मांडीएवढे येतात. तरी वाफा मी आजपासून सोडला. पाटीही स्वतः उपटून तिकडं ठोकून देतो, या वेळी जेवून.

पण ढीग राहू द्या. दुसऱ्या दिवशी नुई पुन्हा तिथंच वाकलेली. विचारलं, "आता कुणाला गं?"

म्हणाली, "इतकी वर्षं माझं सगळं ज्यानं ऐकून घेतलं, त्याला. तू कुठं ऐकतोस?"

साहेब, ढीग जुना नाही म्हणता, कबूल. पण राजाचा ढीगसुद्धा पहिल्या मंगळवारी नवाच असणार. आमची पंचेचाळीस वर्षं झाली. राहिली चौदाशे पंचावन्न. तेवढी मुदत द्यावी. गवत आम्ही कापतो. मग खुशाल येऊन मोजा.

आपला, पाटी चुकवलेला,
कुझुमी तोरामात्सु
(इमारत क्र. ३, तळमजला)
१२ नोव्हेंबर

सोबत: मुळ्याचं लोणचं, एक बरणी. शेवटचं पीक आहे. आसागिरीनं दोनदा मागून घेतलं होतं, तिला आधी द्यावं.