माझी एकही सुरकुती कमी करू नये

मी, रुख्मा, कै. केशोराव टेंभरे यांची बायको, राहणार सालेकसा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. वय आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर आहे. ते आधारवाल्या पोराने माझे तोंड पाहून टाकले, मी हुज्जत घातली नाही. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे वेलांट्या चुकतील, मतलब चुकणार नाही. डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक दाखवील असे या घरात अजून कोणी जन्मले नाही.

माझा मुलगा एकच, ओमेश. खत-बियाण्याचे दुकान चालवतो. त्याची बायको दुर्गेश्वरी. त्यांची मुलगी नूतन, वय बावीस, पेन्सिलीने चित्र काढते. हे मृत्युपत्र खरे तर तिच्यासाठी आहे, बाकीचे लोक मधात येतील.

कलम १. तलावाखालची आणि रस्त्याकडची, दोन्ही धानाच्या बांध्या ओमेशला. तोच कसतो, त्यानेच घ्याव्या. यात भांडण नाही.

कलम २. घरातली उत्तरेची खोली नूतनला, तिच्या एकटीच्या नावाने, खिडकीसकट. खिडकीसकट हे मुद्दाम लिहिले. त्या खिडकीत ऊन येत नाही, पण उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसून राहतो. चित्राला तोच लागतो. ओमेशला तिथे खताच्या चुंगड्या रचायच्या आहेत. परवा जेवताना तिला म्हणाला, "पाऊस लागायच्या आधी खोली खाली कर. पेन्सिल घासून पोट भरते का? तलाठ्याच्या परीक्षेले बस." नूतन ताटातला भात तसाच ठेवून उठली. ती बापापुढे कधीच बोलत नाही, हीच तिची खोट आहे. म्हणून मी बोलते, आणि कागदावर बोलते.

तिचे काम कसे चालते ते माझ्या मागे घर वाटणाऱ्यांना माहीत असावे. मोबाइलवर माझा गाल एवढा मोठा करते की वखरलेल्या वावरासारखा दिसतो. मग मला समोर बसवून ताळा पाहते. तिचे खोडरबर कणकेसारखे मळायचे असते, त्याने काळ्यातून उजेड उचलते. पेन्सिलीत पांढरा रंग नाही हे मला माहीत होते, म्हणून मी विचारले, "माझे पांढरे केस कुठून आणशील वो?" तर तिने माझी गोधडीची बोथट सुई घेतली, कोऱ्या कागदावर दाबून एकेक केस ओढला, दिसला काहीच नाही. वरून पेन्सिल फिरवली तसे दबलेले केस पांढरेच राहिले. मी हसतच सुटले. ती सुई नूतनलाच द्यावी. मला आता दोरा ओवता येत नाही.

कलम ३. माझे चित्र. मी गेल्यावर भिंतीवर नूतनने काढलेले चित्रच राहू द्यावे. स्टुडिओत जाऊ नये. आमचे मालक गेले तेव्हा ओमेशने एका स्टुडिओतून फोटो बनवून आणला. जन्मभर बंडी-धोतरात राहिलेल्या माणसाला कोट-टाय घातला. मागे गुलाबाचा बगीचा. बैलाने मारलेली कपाळावरची खोक, जिच्यामुळे ते मला लग्नात ओळखू आले, तीही पुसून टाकली. अजूनही दिवा लावताना मी विचारते, "साहेब, कोणाकडे आलात?"

माझ्या चित्रात पडलेला दात, हनुवटीवरचे गोंदण, डोळ्याखालच्या थैल्या, सगळे आहे. यातले काहीही कमी करू नये. एवढ्या सुरकुत्या पाडायला मला जन्म गेला, नूतनला अख्खा पावसाळा.

कलम ४. माझा पितळी पानडबा माझे इवाई श्यामलाल, म्हणजे दुर्गेश्वरीचे वडील, राहणार बिरसी, यांना. कारण असे. दिवाळीत दुर्गेश्वरीने घरातल्या सगळ्या तसबिरींना हार घातले. माझे चित्र रांगेत टांगलेले, हातासरशी त्यालाही घातला. पोरगी भोळी आहे. तेवढ्यात तिचे वडील आले. हार पाहिला, टोपी काढली आणि खालीच बसले. "इहीणबाई गेल्या अन् आमाले खबर बी नाई," म्हणून रडायला लागले. मी चहा घेऊन दारामागे होते. त्यांनी माझी खूप तारीफ केली. तोंडाची फटकळ होती, पण पाहुण्याले कधी उपाशी जाऊ देल्लं नाई, म्हणाले. फोटो मात्र झकास निघाला, असेही म्हणाले. चहा थंड होऊन राहिला तरी मी हलले नाही. ते थांबले तेव्हा मी बाहेर आले आणि म्हटले, "बोला ना इवाई, मी ऐकून राहिली." दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. पण माणसाने माझ्या पाठीमागे चांगले बोललेले मी स्वतः ऐकले, हे किती जणींच्या नशिबात असते? म्हणून पानडबा.

भात शिजवायचे पितळेचे सगळे गंज दुर्गेश्वरीला. पुढच्या वेळी हार माझी नाडी पाहून घालावा.

कलम ५. माझी धाकटी जाऊ सुलोचनाबाई. हिने हौसेने नूतनकडून स्वतःचे चित्र काढून घेतले आणि म्हणाली, "मले गोरी कर, अन् नाकावरची मस काढ." नूतनने काढली नाही. मग चित्र फेकून गेली आणि गावभर सांगितले की पोरगी कागद काळे करते. ते चित्र माझ्या पेटीत जपून ठेवले आहे. माझ्या तेरवीला, पंगत बसल्यावर, ते सर्वांसमोर मानाने तिला द्यावे. मशीसकट.

कलम ६. रस्त्याकडच्या दोन खोल्या, ज्यांत दुकान आहे, त्या ओमेशला, पण एका अटीवर. त्याने नूतनसमोर चित्रासाठी बसायचे. मोबाइल बाहेर ठेवून, मिशीला कलप न लावता, ती पुरे म्हणेपर्यंत. त्याने पोरीचे काम एकदाही बसून पाहिलेले नाही. न बसल्यास त्या दोन खोल्याही नूतनच्या.

कलम ६ ची पुरवणी, सही करतेवेळी. साक्षीदार म्हणून शेजारी मंदाबाई आणि छोटेलाल यांना बोलावले, कारण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही म्हणतात. छोटेलालने कागद बाजारातल्यासारखा मोठ्याने वाचला. अंगणातून ओमेश आला.

"माय, हे काय लिहून राहिली?"

"वाचलं ना त्याने."

"माह्या मिशा काऊन आणल्या त्यात?"

"मी नाही आणल्या. तुह्या तोंडावर हायेत."

"मी नाई बसत."

"नको बसू. नूतन दुकानात बसून चित्रं काढेल."

पाय आपटत गेला. आम्ही चहा पिईपर्यंत परत आला तो मिशी साफ उतरवून. कलप नको लिहिले, मिशी पाहिजे असे लिहायचे राहिले, म्हणून ही पळवाट मी मान्य करते. मोबाइल त्याने स्वतःहून मंदाबाईच्या हाती दिला आणि उत्तरेच्या खोलीत जाऊन नूतनसमोर स्टुलावर बसला. आम्ही तिघे दारात.

नूतनने पुष्कळ वेळ नुसते पाहिले. बापाकडे एवढे कोणी पाहिलेले नाही, त्याच्या बायकोनेही नाही. त्याला घाम फुटला. मग हळूच म्हणाला, "बेटा, गळ्याचं लोंबते ते थोडं कमी दाखवशीन?"

नूतनने पेन्सिल उचलली.

"नाही, बाबा. अन् मान हलवू नका."

ओमेशने मान हलवली नाही. पोरीचे ते 'नाही' मी माझ्या कानाने ऐकले, दोन्ही साक्षीदारांनीही ऐकले. अट पूर्ण होऊन राहिली तरी कलम २ कायम आहे. माणूस स्टुलावरून उठला की बदलतो.

वरील सर्व मी वाचून, समजून आणि मजेत सही करते.

सही: रुख्मा केशोराव टेंभरे

साक्षीदार:
१. मंदाबाई, शेजारीण (सही, मोबाइल अजून हिच्याच हातात)
२. छोटेलाल, शेजारी (सही)

ठिकाण: सालेकसा, जि. गोंदिया
तारीख: ९ मार्च २०२५