भिंतीपलीकडून

७ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं, आपल्या धाकटीचं, पत्र आलं. इस्पितळातून घरी आल्यापासून तू खिडकीशी खुर्ची टाकून नुसता बसून असतोस, हो-नाहीपलीकडे बोलत नाहीस. डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी फुगे फुगवायला सांगितले, तर एक कसाबसा फुगवलास आणि दुसरा ठकीच्या अंगावर भिरकावलास म्हणे. अरे, पोरगी कॉलेजात जाते. तिला फुगे नकोत, बाप हवाय. न्युमोनियानं माणूस इतका घुम्या होतो का, हे डॉक्टरांना विचारायला मी तुझ्या बायकोला सांगितलं आहे.

फुंकायचंच आहे तर फुग्यात कशाला फुंकायचं? सोबतच्या पेटीत काय आहे ते झाकण उघडायच्या आधीच ओळखशील. रागावू नकोस. तुझी क्लॅरिनेट इतकी वर्षं माझ्या शिवणाच्या कापडांखाली निजून होती. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. चाव्यांखालच्या गाद्या पार कुजल्या होत्या, त्या त्यानं बदलून दिल्या. लाकूड मात्र ठणठणीत आहे म्हणाला. वाजवणारा कुठे आहे, असंही त्यानं विचारलं. तोसुद्धा दुरुस्तीलाच टाकलाय, असं मी सांगितलं.

एकोणिसाव्या वर्षी तू ती खाली ठेवलीस ती ठेवलीसच. का, ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. पण आपल्या अप्पांना जाऊनही आता एक जमाना झाला. या घरात मी आणि माझं शिवणाचं मशीन, बस्स. तुला अडवणारं कुणी उरलेलं नाही.

सुरुवातीला कितीही भयाण आवाज निघाले तरी कुणी हसायचं नाही, असा दोघींना माझा दम आहे. तू मात्र माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेटी मिळाली. आधी दोन दिवस तिला कपाटावर ठेवून मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे बघत होतो. मग धाकटीनं काही न बोलता मागच्या खोलीतल्या गाद्या-उशा हलवल्या, खुर्ची ठेवली, दार ओढून घेतलं.

पहिल्यांदा नुसती हवा. मग गंजलेल्या फाटकाचा आवाज. ठकी हसायला गॅलरीत पळाली, तुझा दम काही कामी आला नाही. पण ताई, गंमत सांगू? दुकानात चष्म्याच्या काचा घासून घासून बोटं जाड झाली आहेत, तरी ती आपणहून त्या त्या चावीवर जाऊन बसत होती. हात काहीच विसरले नव्हते. विसरला होता तो श्वास. आठवड्याभरात मी ती जुनी संथ चाल जवळजवळ अर्धी वाजवली. त्या दिवशी मी जेवताना गप्पा मारल्या, असं या दोघी म्हणतात.

पण आता बंद केलं आहे. मागची खोली गार असते आणि शेजाऱ्यांनाही त्रास नको. पेटी परत पाठवावी म्हणतो. तू एवढं केलंस, वाईट वाटून घेऊ नकोस.

एक विचारू? अप्पांची खोली अजून तशीच आहे का? तिथे कुणी असतं का? सहज मनात आलं.

तुझी छाया आहे तशीच राहू दे.

तुझा,
भोंग्या


९ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण खरं लिहिलं नसणार, म्हणून मी लिहिते.

आमच्या मागच्या खोलीला लागून जो ब्लॉक आहे तो गेल्या उन्हाळ्यापासून रिकामा आहे. तिथे शेजारी म्हणून कुणी नाही. त्या दुपारी हे वाजवत होते, ठकी आणि मी दाराबाहेर बसून ऐकत होतो. मध्येच सूर फाटला, हे थांबले. आणि भिंतीतून आवाज आला. टक टक. जरा थांबून, टक.

मला वाटलं, कुणी राहायला आलं. मी आत गेले तर हे भिंतीकडे तोंड करून उभे, चेहरा कागदासारखा. त्यांनी एकच शब्द उच्चारला: अप्पा. मग क्लॅरिनेटचे भाग सुटे करून पेटीत ठेवले आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.

मी स्वस्थ बसले नाही. रखवालदाराकडून किल्ली आणून तो ब्लॉक बघितला. धुळीवर माझ्याच पावलांचे ठसे उमटले, दुसऱ्या कुणाचे नव्हते. नळवाल्यालाही आणलं. त्यानं पाइप तपासले आणि सांगितलं की त्या भिंतीत पाइपच नाही. ठकीनं यांना पुन्हा वाजवायला लावलं, सूर चुकून थांबले, की पुन्हा तेच. ठकी आता त्या खोलीत एकटी जात नाही.

सासऱ्यांना मी बघितलंच नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा अप्पा नव्हते. त्यांचा विषय निघाला की हे उठून जातात. ताई, मला सांगा, हे काय आहे? आणि मी काय करू? वाजवत होते ते आठ-दहा दिवस माझा नवरा मला परत मिळाला होता हो. तो मी पुन्हा त्या खिडकीला द्यायला तयार नाही.

उत्तराची वाट बघते. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुमची,
धाकटी


१५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मशीनवरचं काम तसंच सोडलं. ऐक.

अप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून टेबलाशी वाकलेले असायचे आणि भिंतीपलीकडे भोंग्या वाजवायचा. कान असा, की बाजारातून जाताना कुणाचं घड्याळ मागे पडतंय ते सांगायचे. याचं वाजवणं अडखळलं की स्क्रू पिळायच्या हत्याराची मूठ भिंतीवर मारायचे. टक टक, आणि मग टक. भोंग्या त्याचा अर्थ घ्यायचा: चुकलं, पहिल्यापासून. मग तो पहिल्यापासून वाजवायचा. कधीकधी रडत. शाबासकी कधी त्या भिंतीतून आली नाही आणि दारातूनही आली नाही.

मग तो कार्यक्रम. गच्च भरलेलं सभागृह, अप्पा पहिल्या रांगेत. याचा सूर किंचाळला, हा थबकला, आणि त्या शांततेत अप्पांनी खुर्चीच्या दांडीवर वाजवलं. टक टक. टक. सगळ्यांनी ऐकलं. काही लोक हसले. भोंग्या क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवून जो बाहेर पडला, तो या घरात पुन्हा राहायला आला नाही.

पुढचं त्याला माहीत नाही, कारण अप्पांचं नाव काढलं की तो ऐकून घ्यायचा नाही. तो गेल्यावरसुद्धा अप्पा संध्याकाळी भिंतीवर वाजवत राहिले. पलीकडची खोली रिकामी. मी आत जायची, काय हवं विचारायची, तर ते भिंग काढून माझ्याकडे असे बघायचे, जणू मी भलतीच कुणी आले. जाईपर्यंत वाजवत होते.

म्हणून भिंतीला तू घाबरू नकोस आणि पेटी परत पाठवू देऊ नकोस. त्याला सांग, आता तो केस पिकलेला माणूस आहे. चुकला तर चुकला. पहिल्यापासून नाही वाजवायचं. जिथे अडलं तिथून पुढे.

ठकीला जवळ घे. माझा जीव तुमच्यापाशी आहे.

तुमची,
ताई


२८ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. मी आणि ठकी खोलीत बसलो, ठकी तर मुद्दाम भिंतीला पाठ लावून बसली. माझ्यासारखी नाही, धीट आहे. हे वाजवायला लागले, अडले, भिंत वाजली. ठकीच्या पाठीला ते जाणवलं. ती उडालीच, पण उठली नाही. यांनी मोठ्यानं भिंतीला सांगितलं, की मी पहिल्यापासून वाजवणार नाही, इथूनच पुढे जाणार. आणि गेले! मला रडूच आलं. पहिल्यांदा वाटलं, जिंकलो.

पण ताई, आता वेगळंच होऊन बसलं आहे. हे वाजवत नसले तरी भिंत वाजते. संध्याकाळी जेवायला बसलो, की मागच्या खोलीतून टक टक. हे घास टाकून उठतात. मी हात धरला तर म्हणाले, ते थांबलेत तिकडे, मला जायला हवं. मग दम लागेपर्यंत वाजवतात. काल ओठ निळे पडले होते. डॉक्टर माझ्यावर ओरडले, की हा माणूस बरा होतोय की फुप्फुसं फाडून घेतोय.

आधी हे वाजवत नाहीत म्हणून मी रडत होते, आता वाजवतात म्हणून. मला भीती वाटते, की ते आमच्यासाठी वाजवतच नाहीत. घरात आम्ही दोघी आहोत हे त्यांच्या लक्षातही नसतं.

तुम्ही या. एवढंच मागणं आहे.

तुमची,
धाकटी


१६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. तुझी कात्री इथे राहिली आहे, ठकी ती देईनाशी झाली आहे.

तू आल्या आल्या चहासुद्धा न घेता शेजारच्या ब्लॉकची किल्ली मागितलीस, आमची एक खुर्ची उचलून तिकडे गेलीस आणि मला वाजवायला सांगितलंस. मी वाजवलं. मध्ये दम संपला, थांबलो, डोळे मिटून वाट बघितली. भिंत वाजली नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो. नाहीच वाजली. शेवटपर्यंत वाजवलं, अडखळत का होईना.

तू बाहेर आलीस तेव्हा तुझा हात बर्फासारखा गार होता. काय झालं विचारलं तर चहा मागितलास. राहिलीस ते सगळे दिवस हसून टाळलंस. त्या दिवसापासून भिंत गप्प आहे. ताई, तिथे काय होतं? मला कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

तुझा,
भोंग्या


२३ एप्रिल

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

समोर सांगता आलं नाही म्हणून लिहिते.

तिथे कुणी नव्हतं. भिंतीला लागून खुर्ची ठेवली आणि डावा तळहात भिंतीवर टेकवला. तुझं वाजवणं येत होतं, उशीतून यावं तसं. मी शिवणारी बाई, सुरातलं मला कळत नाही. पण एक लक्षात आलं. भिंतीपलीकडून चुका ऐकूच येत नाहीत रे. ऐकू येतं ते फक्त थांबणं. तू थांबलास आणि वाटलं, हा पडला की काय, गेला की काय. माझा उजवा हात आपोआप भिंतीकडे उचलला गेला. तो टेकायच्या आत डाव्या तळव्याखाली भिंत हलली. हळूच. टक टक. तुला ऐकू गेलं नसेल इतकं हळू.

मी मोठ्यानं बोलले. म्हटलं, अप्पा, त्याचा श्वास तोकडा झालाय, तो थांबेल. थांबू द्या. तो कुठेही जात नाही, पुढे वाजवेल तेव्हा वाजवेल. मी बसले आहे ऐकायला, तुम्ही आता टेबल आवरा. मग तू सुरू झालास. दुसऱ्यांदा थांबलास तेव्हा भिंत गप्प होती. खोली आधीही रिकामीच होती, पण या दोन रिकामपणांत फरक होता, तो मला कळला. म्हणून हात गार पडला.

अप्पांना सभागृहात काय म्हणायचं होतं, ते मी सांगू शकत नाही. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही. लोकांसमोर मान खाली गेली ती तुझी, त्यांची नाही. पण तू निघून गेल्यावरही ते रोज संध्याकाळी भिंतीवर वाजवत राहिले, ते चूक दाखवायला नव्हतं. रिकाम्या खोलीत चुकणार कोण?

जपून वाजव. दम लागला की थांब.

तुझी,
ताई


१२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस मी मागच्या खोलीत गेलो नाही. खिडकीशीही बसलो नाही. दुकानात अर्धा दिवस जायला लागलो आहे.

शेजारी आता एक नर्सबाई आणि तिची आई राहायला आल्या आहेत. मी वाजवलं तर त्यांची काही हरकत नाही. काल दुपारी मी पुन्हा खुर्ची लावली. संथ चाल सुरू केली आणि मध्ये, दम असतानाही, मुद्दाम थांबलो. कान लावून बसलो. पलीकडे म्हातारीचं खोकणं, भांड्याचा आवाज. बाकी काही नाही. ताई, तुला खरं सांगतो, इतकी वर्षं ज्या आवाजाला भ्यालो, त्याच्यासाठी मी श्वास धरून बसलो होतो, आणि तो आला नाही. अप्पा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. काल ते गेले.

किती वेळ बसलो कोण जाणे. मग स्वयंपाकघरातून धाकटीनं ओरडून विचारलं, की थांबलात का.

मी पुढे वाजवलं.

तुझा,
भोंग्या