रिकामी टाकी

आबा,

परवा स्वयंपाकघरात तुमचा आवाज ऐकला. निघाला माझ्याच तोंडून. नातवाने फटफटीसाठी पेट्रोल आणलेला पत्र्याचा डबा रिकामा झाला होता. चांगला डबा वाया कशाला घालवायचा म्हणून सुनेने तो धुवायला आत आणला आणि पेटत्या स्टोच्या शेजारीच टेकवला. मी भाजी निवडत होते. माझी नजर गेली आणि मी ओरडले, "रिकामा म्हून काय झालं? भरल्यापरीस रिकामा वंगाळ असतोय! आत वास हाय तवर आग हाय!" सून दचकली, डबा घेऊन परसात पळाली आणि मग तिथूनच हसायला लागली, कारण माझ्या तोंडून अशी बोली तिने कधी ऐकली नव्हती. मला हसता येईना. ती वाक्यं माझी नव्हती, तुमची होती, आणि ती बोलून होईपर्यंत मला एक गोष्ट कळून चुकली होती. इतकी वर्षं ती माझ्याच डोक्यात दोन वेगळ्या कोपऱ्यांत पडून होती.

पहिला कोपरा आपल्या सोलापूरच्या खोलीतला. आई माझ्या पाठच्या बाळाच्या वेळी गेली, बैलगाडीतून दवाखान्यात नेताना, वाटेतच. त्यानंतर चूल माझ्याकडे आली. तुम्ही उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचात, सोलापूर ते मोहोळ, आणि घरी यायचात ते धूळ आणि वंगण घेऊनच. एकदा मोटारीतला पेट्रोलचा रिकामा डबा तुम्ही दाराशी ठेवला होता. मी तो पाणी तापवायला म्हणून चुलीपाशी आणला. तुम्ही आत आलात, डबा पाहिलात, आणि तो उचलून अंगणात भिरकावलात. मग माझ्यावर हात उगारलात. उगारलेला हात तसाच खाली घेतलात, ते खरं, पण बोललात ते परवा माझ्या तोंडून आलं तेच, शब्द न् शब्द. मी काय ऐकलं? फक्त राग. तापट माणसाला निमित्त लागत नाही, असं म्हणून मी फुगून बसले आणि त्या दिवशीची भाकरी मुद्दाम करपवली. ती तुम्ही मुकाट्याने खाल्लीत.

दुसरा कोपरा मात्र मी सगळ्यांना दाखवत आले. माझं पहिलं बाळंतपण. दिवस भरत आलेले, आणि तुम्ही आत्याला बरोबर घेऊन मला माहेरी न्यायला मोहोळपुढच्या आमच्या खेड्यात आलात. बैलगाडी नाही, मोटार! मालकाची किती मनधरणी केली असेल तुम्ही एका दिवसापुरती. सासरच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा माझी मान इतकी ताठ झाली की सासूबाईंनी ओटी भरताना मला खाली वाक म्हणून सांगावं लागलं. तुम्ही मोटार अशी हाकत होतात की बैलगाड्यासुद्धा आपल्याला मागे टाकतील. दगड दिसला की थांबायचं, खळगा दिसला की उतरून बघायचं. आत्या म्हणाली सुद्धा, "आरं, अंड्याची पाटी हाय का काय मोटारीत?" तुम्ही म्हणालात, "व्हय, तसंच समज."

आणि तरीही सीना नदीच्या अलीकडे मागून खाडकन आवाज आला आणि मोटार एका अंगाला बसली. तुम्ही उतरून मोटारीखाली शिरलात. मागच्या चाकावर पोलादी पाट्यांची कमान असते, ती ज्या बोल्टवर लोंबते तो बोल्ट मधोमध तुटला होता. नवा बोल्ट तुमच्या पेटीत होता. पण जुन्याचा निम्मा तुकडा भोकातच राहिलेला, आणि गंजून गंजून तो भोकाशी एकजीव झालेला. तो निघाल्याशिवाय नवा बसणार नाही आणि मोटार हलणार नाही. चैत्राचं ऊन, आसपास ना वस्ती ना विहीर. माझ्या कमरेतून एक कळ येऊन गेली. मी ती आत्याला सांगितली नाही, पण तिने माझं तोंड पाहिलं आणि ती तुमच्याकडे पाहायला लागली. आई कशी गेली ते त्या रस्त्यावर आपल्या तिघांनाही ठाऊक होतं.

तुम्ही मोटार जॅकवर उचलता, चाकाखाली दगड लावता, तुकड्यावर रॉकेल सोडता, छिन्नी लावून हातोडा घालता. तुकडा जागचा हलत नाही. पुन्हा रॉकेल, पुन्हा हातोडा. दुसरी कळ. तुम्ही बाहेर येता, घाम पुसता, आणि पेटीतून भांड्यांना डाग द्यायचा, जोरदार ज्योतीचा पंपाचा दिवा काढता. तापवून लाल केल्याशिवाय लोखंड लोखंडाला सोडणार नाही, एवढं मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. पण तिथून वीतभरावर पेट्रोलची टाकी. आणि ती टाकी गळकी, खालून साबण मळून बुजवलेली. मी तो साबण पाहिला. मग माझा धीर सुटला.

मी तुमचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. "टाकी रिकामी करा आबा. आधी टाकी रिकामी करा, मगच पेटवा." आत्या म्हणाली, "अगं, बापाच्या कामात तोंड घालू नगंस." मी ऐकेना. रडायला लागले, श्वास लागला, कळा जवळ जवळ यायला लागल्या. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत, पोटाकडे पाहिलंत, मग टाकीकडे. बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही म्हणालात, "बरं, बाई. करतो रिकामी. रडू नगंस."

तुम्ही सगळं पेट्रोल डब्यांत काढून घेतलंत आणि डबे लांब नेऊन ठेवलेत. मला तर दरदरून घाम सुटून एकदम हलकं वाटलं. कळाही थांबल्या. टाकी भरलेली होती तेव्हा तुम्ही मला मोटारीच्या सावलीतच बसवलं होतंत. आता म्हणालात, "हितं नगं. त्या बांधाच्या पल्याड जा दोघी." आम्ही बांधापाशी थांबलो, तर हातवारे करून ओरडलात, "पल्याड! आनी मान वर काडू नका." मोटारीत घेतलेल्या माठातलं पाणी पोत्यांवर ओतून ती पोती तुम्ही टाकीवर टाकलीत. एक तांब्या माझ्यासाठी भरून दिला होतात. बांधाच्या मागे मी तो तांब्या मांडीवर घेऊन बसले आणि निवांत होते. हो, निवांत! आत्याने कुठल्याशा देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली तर मी तिला म्हणाले, "आत्या, टाकी रिकामी हाय की. आता कसली भीती?"

दिव्याचा फरफर आवाज येत राहिला. मग तो बंद झाला, हातोड्याचे घाव आले, आणि तुकडा खाली पडल्याचा आवाज आम्हाला तिथवर ऐकू आला. आम्ही धावत आलो. तुम्ही रस्त्यावर फतकल मारून बसला होतात. मी तांब्या पुढे केला तर म्हणालात, "मला नगं, तुला ऱ्हाऊ दे." नवा बोल्ट भोकात घालायला तुम्ही हात वर केलात, तो भोकाला लागेना. पुन्हा केलात, पुन्हा चुकला. तुमचे दोन्ही हात लटलट कापत होते. आत्या म्हणाली, हातोडा मारून मारून भरून आलेत हात. मलाही तसंच वाटलं. शेवटी बोल्ट तुमच्या हाताला हात लावून मीच आत सरकवला.

आपण घरी पोचलो, आठवडा जायच्या आत मला मुलगी झाली, आणि ही गोष्ट माझी आवडती गोष्ट झाली. घरात कुणाचंही बाळंतपण असो, मी ती सांगते. आबांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, पण एकदा माझं ऐकलं, आणि म्हणून आम्ही सगळे जगलो. बायका हसतात, मीही हसते.

आणि परवा तो डबा. आबा, तुम्हाला ठाऊक होतं. चुलीपाशी मला जे बजावलंत ते त्या रस्त्यावर तुम्ही विसरला असाल, हे शक्य नाही. रिकाम्या टाकीत नुसता वास भरला आहे, एक ठिणगी पुरे, हे जाणून तुम्ही माझ्या समाधानासाठी ती रिकामी केलीत, मला बांधाआड धाडलंत आणि तिच्या खाली शिरून दिवा पेटवलात. मी रडून रडून वाटेतच बाळंत होईन, ही भीती तुम्हाला त्या टाकीहून मोठी वाटली असणार. भरलेली टाकी गळत होती, ती तरी कुठे धड होती, असं मी स्वतःला समजावते. समजूत पटत नाही. तेव्हा जी भीती मला वाटायला हवी होती ती आता वाटते आहे. भाजी चिरताना फरफर आवाज ऐकू येतो आणि मी सुरी खाली ठेवते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कशाने तर साध्या तापाने, आणि मी इथे बसून तुम्ही त्या मोटारीखालून सुखरूप बाहेर याल की नाही म्हणून घाबरते.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, त्यामुळे ते कपाटात साड्यांच्या घडीत जाईल. पुढच्या महिन्यात तीच मुलगी तिच्या लेकीला घेऊन येते आहे. लेकीचे दिवस भरत आलेत. सगळ्या जमल्या की मोटारीची गोष्ट सांग म्हणतील. मी सांगेन, पण टाकीपाशी आल्यावर काय बोलायचं ते अजून ठरत नाही. आणि एक सांगते, रागावू नका. सगळं कळल्यावरसुद्धा, तुम्ही माझं ऐकलंत, याचं मला अजूनही बरं वाटतं.