तीन महिने गप्प बसायचं

४ फेब्रुवारी
नातीची भूगोलाची वही अर्धी कोरी उरली होती, ती मी घेतली. चौथी शिकलेल्या बाईने रोजनिशी लिहू नये असं कुठे आहे? आजची बातमी मोठी. जावयांनी विम्याचं काम धरलं. मेल्यावरचा नव्हे, दुखण्याचा विमा. आजारी पडलं की हॉस्पिटलचं बिल कंपनी भरते. मी लगेच म्हटलं, मग जिथे आजारी माणसं बसतात तिथेच जाऊन विका की. जावई म्हणाले, आई, तिथेच तर विकता येत नाही. आजारी माणसाला कंपनी घेत नाही आणि हॉस्पिटलवाले एजंटला उभं करत नाहीत. हल्लीची माणसं लगेच हात टेकतात. मी गुडघ्याच्या शेकाला रोज हॉस्पिटलात जातेच.
संकल्प: दिवसाला एक माणूस.

७ फेब्रुवारी
ओपीडीच्या भिंतीवर पाटी आहे. "आवारात विमा विकण्यास व विमा प्रतिनिधींस सक्त मनाई." अक्षर न् अक्षर लावून वाचली. मी प्रतिनिधी नाही, सासू आहे. पाटीच्या खालीच बाक आणि वर पंखा, म्हणून तिथे बसले. वॉचमन म्हणाला, आजी, गुडघ्याचं पलीकडे, ही गाठीची रांग. मी म्हटलं, बाबा, पलीकडे वारा येत नाही. एका गृहस्थांना विम्याचं छान समजावत होते, तेवढ्यात त्यांचा नंबर आला. आत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. दुसऱ्या दाराने गेले असतील. काही माणसांना रीतच नसते.

१० फेब्रुवारी
पिशवीवाली भेटली. कापडी पिशवी छातीशी घट्ट धरून बसली होती. मला वाटलं दागिने असतील. रिपोर्ट निघाले. शिंप्यांकडून कपडे आणून घरी काजं-बटणं करते. नवरा नाही, ती आणि लेक दोघीच. छातीत गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, पंचवीस तारखेला काढून टाकू, अजून वेळेत आहे, पण लांबवू नका. पैसे आहेत, पण ते लेकीच्या नर्सिंगच्या फीचे. आता फी भरायची की गाठ काढायची, असं मलाच विचारत होती.
मला तर आनंदच झाला. गाठीचा नव्हे, उपाय सुचला त्याचा.

११ फेब्रुवारी, दुपारी
जावयांना सांगायला गेले तर त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, आई, मला काही सांगू नका. मला कळलं की मला ते फॉर्मवर लिहावं लागतं. किती कायद्याचा माणूस. लेकीने नशीब काढलं. मग मी म्हटलं, समजा एक बाई आहे. ते म्हणाले, समजा त्या बाईने पॉलिसी घेतली आणि तीन महिने कुठे काही दाखवलं नाही, तर समजा पुढे कंपनी देते. आणि समजा तो फॉर्म माझ्या हातून भरला गेला नाही तर फार बरं.
असं तासभर समजा समजा चाललं. लेक म्हणाली, तुम्ही दोघं काय बोलताय ते मला समजत नाही. आम्ही हसलो.

१४ फेब्रुवारी
फॉर्म मी भरला. पिशवीवालीचा चष्मा मोडलाय, तिला बारीक दिसत नाही. माझं अक्षर गुरुजी वर्गात दाखवत असत.
गेल्या वर्षात काही तपासणी? नाही. अंगावर कुठे गाठ, सूज? नाही. ती म्हणाली, आजी, पण आहे ना. मी म्हटलं, अगं, आजच्यापुरती नाही म्हण. ती म्हणाली, डॉक्टर लांबवू नका म्हणाले. मी म्हटलं, ते तसंच म्हणणार, त्यांचं दुकान आहे ते. माझ्या जावेच्या बहिणीला पाठीवर लिंबाएवढी गाठ होती. चाळीस वर्षं वागवली. मेली ती जिन्यावरून पडून.
पिशवीवाली हसली आणि सही केली. तिची फी वाचली, जावयांचं खातं उघडलं, मला पुण्य. एका दगडात किती ते मोजलं नाही.

२५ फेब्रुवारी
आज तिचं ऑपरेशन होतं, झालं नाही. ती काउंटरवर तारीख रद्द करायला आली होती. मोठी सिस्टर तिच्यावर खेकसली, म्हणाली, जिवाशी खेळताय. मी मध्ये पडले, तिच्या घरी अडचण आहे म्हटलं. खोटं नाही. अडचण कोणाच्या घरी नसते. मग आम्ही दोघींनी बाकावर चहा घेतला. तिने अर्धा कप तसाच ठेवला. चहा गोडच नव्हता.

६ मार्च
शेक देणारी मुलगी म्हणते, आजी, गुडघा झकास झाला, आता येऊ नका. असं कसं. मी लगेच लंगडून दाखवलं. तिने आणखी पंधरा दिवस लिहून दिले.
बाहेर काउंटरवरच्या फायलींवर कोणाला काय झालंय एवढंच वाचत होते, तर मोठ्या सिस्टरने पकडलं. म्हणाली, आजी, दुसऱ्याची फाईल वाचणं गुन्हा आहे, आणि तुम्ही इथे काय उद्योग करता ते मला कळलंय.
संकल्प: हॉस्पिटलात विमा हा शब्द काढायचा नाही.

७ मार्च
एक जोडपं मिळालं. विमा शब्द काढला नाही. पॉलिसी म्हटलं.

२ एप्रिल
बाजारात पिशवीवाली भेटली. छान बारीक झाली आहे. मी म्हटलं, चेहऱ्याला नाकडोळे आले तुझ्या. ती म्हणाली, आजी, जेवण जात नाही. मी म्हटलं, बायका यासाठी जिमला पैसे भरतात. उजवा हात सुजलाय, काजं करताना उचलत नाही म्हणाली. मी सांगितलं, डाव्याने करून बघ, सवयीचा प्रश्न आहे. मधेच म्हणाली, दाखवू का एकदा डॉक्टरांना, नुसतं. मी तिचा हात धरला आणि समजावलं की निम्म्याहून जास्त दिवस गेले, आता दाखवलंस तर सगळं पाण्यात. तिला पटलं. माझं बोलणं लोकांना पटतं, हे मी पाहिलंय.

२० मे
झाले तीन महिने. आता कुठेही दाखव म्हटलं, पण इथेच दाखव, आपली ओळख आहे. मोठ्या सिस्टरने तिला ओळखलं. फाईल शोधावी लागली नाही, जुनीच निघाली. बघा, ओळखीचा फायदा.

२८ मे
कंपनीचं पत्र आलं. पैसे देत नाही म्हणतात. फाईलवर गाठीची पहिली तारीख दोन फेब्रुवारी, पॉलिसीच्या आधीची.
आणि दुसरं एक कारण दिलंय, ते जावयांनी मला दोनदा वाचून दाखवलं. फॉर्मच्या शेवटी साक्षीदाराची जागा होती. अर्जदाराला कसे ओळखता, असं विचारलेलं. मी लिहिलं होतं, हॉस्पिटलात गाठीच्या रांगेत ओळख झाली, स्वभावाने गरीब आहे. सगळ्या फॉर्मात खरी एवढीच ओळ. जावई डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, आई, हे कोणी सांगितलं होतं लिहायला? मी म्हटलं, विचारलं होतं त्यांनी.
फॉर्म घेताना कोणी वाचला नाही. द्यायची वेळ आली तेव्हा बरे चष्मे सापडले.

३ जून
पिशवीवाली घरी आली. दोन जिने चढायला तिला फार वेळ लागला. म्हणाली, डॉक्टर म्हणतात आता कापून उपयोग नाही, सगळीकडे गेलंय. दुखलं की घ्यायला गोळ्या दिल्यात. बटणांचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, पण फीचे पैसे शाबूत राहिले की नाही? तेच तर मी म्हणत होते. ती म्हणाली, हो आजी.
मग म्हणाली, एक काम करा. कंपनीचे साहेब चौकशीला येणार आहेत. मी गाठ सांगितली होती, फॉर्मवर 'नाही' तुम्ही लिहिलं, एवढं बोला. आता मला काही नको. पण मी गेल्यावर पोरीच्या हातात आई लबाड होती असा कागद नको.
मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.
संकल्प: खरं बोलायचं. जावई रागावले तरी.

६ जून, संध्याकाळी
साहेब येऊन गेले. त्याआधी जावयांनी मला आत नेऊन समजावलं. लायसन जाईल, केस होईल, लेकीचा संसार उघड्यावर येईल. लेक दाराआड रडत होती. मी म्हटलं, माझ्या अक्षराचं काय करणार? त्याचीही सोय त्यांनी केली होती. कागद तयार होता. मला लिहिता-वाचता येत नाही, फॉर्म अर्जदार बाईने स्वतः भरला, माझ्या नावाची ओळही तिनेच लिहिली. खाली जागा. साहेबांनी शाईचं पॅड पुढे केलं. मी अंगठा दाबला.
पिशवीवाली समोरच बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, हे खरं का? तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, आजींना लिहिता येत नसेल तर मीच लिहिलं असणार. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि तिची सही घेतली. डाव्या हाताने केली, वेळ लागला. जाताना तिने मला रुमाल दिला, अंगठा पुसायला.
जावई म्हणाले, आई, आता हे कायमचं सांभाळायचं. बँकेत अंगठा, पोस्टात अंगठा. पाट्या मोठ्याने वाचायच्या नाहीत. नातीचा अभ्यास घ्यायचा नाही. आणि ती वही घरात नको.
लेक काडेपेटी घेऊन मोरीपाशी उभी आहे. हाक मारतेय.
आजपासून मला लिहिता येत नाही.